माठावरची खार आणि लोणारचे सरोवर

‘मीठ पाण्यात टाकले की ते नाहीसे होते’, हे उत्तर सहावीच्या वर्गात हमखास येते. मुखेडला आमच्या वर्गातही आले. तेव्हा एका मुलीने विचारले, ‘‘मग उन्हाळ्यात आमच्या माठावर बाहेरून पांढरी खार कुठून फुटते? आई तर माठात मीठ टाकत नाही.’’

विहिरीचे पाणी हेच मुळी द्रावण असते. जमिनीतून झिरपताना त्यात क्षार विरघळतात. माठाच्या छिद्रांतून बाहेर आलेले पाणी उडून जाते आणि द्राव्य मागे राहते. मुलीला एवढे पटले. पण हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलेले ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात आहे, त्याची गोष्ट मग आम्हाला सांगावीशी वाटली.

ते ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांकडे गेले. तोवर लोणार आणि आपला नांदेडचा मुलूख दोन्ही निजामाच्याच अमलाखाली होते. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या खड्ड्यात हे सरोवर आहे. पावसाचे आणि झऱ्यांचे गोडे पाणी आत येते, पण जमिनीवरून बाहेर पडायला वाट नाही. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि असे किंचित आम्ल पाणी पाषाणातला सोडियम सोडवून आणते. पाण्याची वाफ होते, सोडियम कुठे जाणार? हजारो वर्षे हेच चालले आहे. म्हणून सरोवराचे पाणी खारट तर आहेच, शिवाय सोड्यामुळे चांगलेच अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच दहाच्या आसपास असतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले की काच आणि साबणासाठी लागणारा माल लोणारच्या परिसरात मिळतो. पाणी आटले की लोक क्षार गोळा करीत. त्यांना एकच ‘खार’ हा शब्द पुरत नव्हता. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी वेगवेगळी नावे होती. मीठ, सोडा आणि खाण्याचा सोडा यांची ही कमीजास्त मिश्रणे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी १९१२ साली लोणारवर निबंध प्रसिद्ध केला.

एकाच पाण्यातून वेगवेगळे क्षार का निघावेत? १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि १०० अंशांनाही जेमतेम ३९. धुण्याच्या सोड्याचे तसे नाही. शून्य अंशाला निर्जल सोडा सुमारे ७ ग्रॅम, तर २० अंशांना सुमारे २१ ग्रॅम विरघळतो. म्हणजे गार केले की सोडा खाली बसतो. मिठासाठी मात्र पाणी आटवावेच लागते. सरोवरात सगळे एकत्र असल्याने हिशोब इतका सरळ नाही, पण धागा हाच.

पाण्यात मीठ कोणत्या रूपात असते, हे मात्र फार उशिरा कळले. क्षार पाण्यात विद्युतभारित कणांत फुटतात, या विचाराचे बीज असलेला प्रबंध अऱ्हेनियसने १८८४ साली स्वीडनमध्ये सादर केला. परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली. १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले! सहावीतली मुले अडखळतात ती या जागी, हे गुण देताना आम्ही आता लक्षात ठेवतो.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले होते.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी माठावरची खार कागदाच्या पुडीत खरवडून घेऊन आली. पेलाभर पाण्यात टाकली. काही विरघळली, काही तळाशी तशीच राहिली. त्या गाळावर लिंबू पिळले तर फेस आला.