तालाचा धनी कोण? आर्सेनियो रॉद्रिगेज आणि क्यूबाचे नाचसंगीत

कलेचा इतिहास लिहिणारे नाचाच्या संगीताकडे सहसा करमणूक म्हणूनच पाहतात. दरबारात आणि चर्चमध्ये वाढले ते संगीत म्हणजे संस्कृती. कष्टकऱ्यांच्या पायांना ताल देते ते संगीत म्हणजे विरंगुळा! ही विभागणी कोणी केली आणि कोणाच्या सोयीसाठी केली, हा प्रश्न क्यूबाच्या आर्सेनियो रॉद्रिगेज या काळ्या संगीतकाराचे जीवन पाहताना टाळता येत नाही.

क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. उसाच्या मळ्यांवर राबलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात रक्त सांडले. परंतु प्रजासत्ताक आले तेव्हा सत्तेत त्यांना वाटा मिळाला नाही. तो मागण्यासाठी त्यांनी १९०८ साली स्वतंत्र पक्ष काढला. १९१० साली वर्णाधिष्ठित पक्षांवर कायद्याने बंदी आली आणि १९१२ साली या पक्षाचा उठाव लष्कराने चिरडला. हजारो काळी माणसे मारली गेली. आर्सेनियोचा जन्म या दोन घटनांच्या मधला, १९११ सालचा, मातान्सास प्रांतातला. त्याच्या घराण्याची मुळे काँगोत होती. लहानपणीच जनावराची लाथ बसून त्याची दृष्टी गेली. काँगोची गाणी, ढोल आणि विधी त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळाले. पुढे 'त्रेस' हे तारांच्या तीन जोड्यांचे, गिटारसारखे वाद्य त्याने हाती घेतले आणि हवाना गाठले.

त्या काळच्या हवानात नाचघरांचीही वर्णवार वाटणी होती. गोऱ्यांचे क्लब वेगळे, मिश्रवर्णीयांचे वेगळे, काळ्यांचे वेगळे. पर्यटकांच्या आलिशान कॅसिनोंत प्रामुख्याने गोऱ्या वादकांचे ताफे वाजत. १९३७ साली आर्सेनियोचे 'ब्रुका मानिग्वा' हे गाणे गाजले, ते 'कासिनो दे ला प्लाया' या बहुतांशी गोऱ्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेमुळे. या गाण्यात आफ्रिकेतून आणलेला एक गुलाम त्याच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये स्वातंत्र्य मागतो. रंगभूमीवर ज्या बोलीची टर उडवली जाई, तिच्यात आर्सेनियोने गुलामाचे दुःख आणि त्याचा स्वाभिमान बोलता केला. गाणे कॅसिनोत शिरले. ज्यांची ती वेदना होती त्यांना मात्र तिथे नाचायला मज्जाव होता.

१९४० च्या सुमारास त्याने स्वतःचा ताफा उभारला. 'सोन' हा क्यूबाचा लोकप्रिय नाचप्रकार तोवर साधारण सहा-सात वादक वाजवत. त्यांच्यात एखादाच ट्रंपेट असे. आर्सेनियोने ट्रंपेट वाढवले, पियानो आणला आणि 'तुंबादोरा' हा हाताने वाजवायचा उभा ढोल ताफ्यात पक्का बसवला. यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. हा ढोल काळ्यांच्या वस्त्यांतला आणि रस्त्यावरच्या मिरवणुकांतला. प्रतिष्ठित लोक त्याला रानटी समजत. आर्सेनियोने तो पियानोच्या शेजारी आणून ठेवला आणि सगळ्या ताफ्याला त्याच्या चालीने चालायला लावले. त्याच्या संगीताची लय संथ, जड आणि आडव्या तालाची होती. काळ्या वस्त्यांतले नाचणारे तिच्यावर सहज डोलत. पर्यटकांना ती पेलत नसे. हवानाच्या एकेका वस्तीवर त्याने गाणी रचली. सेर्रो वस्तीवरचे 'एल सेर्रो तिएने ला यावे' आजही प्रसिद्ध आहे. इतिहासात ज्यांचा उल्लेख नाही अशा मोहल्ल्यांची नावे त्याने नाचाच्या रिंगणात घुमवली.

१९४७ साली दृष्टी परत मिळेल या आशेने तो न्यूयॉर्कला गेला. इलाज नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या निराशेतून 'ला विदा एस उन स्वेन्यो' (जीवन हे स्वप्न) हे त्याचे गाजलेले गीत जन्मले. पण तो वैयक्तिक दुःखातच अडकून पडला नाही. 'आकी कोमो आया' म्हणजे 'इथेही तिथल्यासारखेच'. या गाण्यात त्याने आफ्रिकेतल्या आणि क्यूबातल्या काळ्यांच्या पिळवणुकीचे नाते जोडले. पुढे १९६० च्या दशकात 'यो नासी देल आफ्रिका' या गाण्यात तो लादली गेलेली स्पॅनिश आडनावे नाकारतो आणि काँगोच्या लुमुंबाचे नाव जवळ करतो. गुलामाला मालकाचे आडनाव चिकटत असे, हे लक्षात घेतले म्हणजे हा नकार किती खोलवरचा आहे ते कळते. आणि हा नकार त्याने सभेत नव्हे, नाचाच्या संगीतात उच्चारला.

१९५० नंतर तो न्यूयॉर्कमध्येच राहिला. गाण्याच्या उत्तरार्धात ट्रंपेटांचे आवर्तनावर आवर्तन चढवण्याच्या आपल्या पद्धतीला तो 'दियाब्लो' म्हणे आणि मांबोचे मूळ तिच्यातच आहे, असे सांगत असे. मांबोच्या घडणीला अनेकांचे हात लागले, हे खरे. परंतु जगभरचे नाव आणि पैसा मिळाला तो मुख्यतः पेरेस प्रादोला. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या तरुण वादकांनी आर्सेनियोच्या ताफ्याचा साचा उचलला. त्यातूनच पुढे 'साल्सा' नावाने ओळखले गेलेले संगीत फुलले. साल्साचा बाजार मात्र आर्सेनियोने पाहिला नाही. ३० डिसेंबर १९७० रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी लॅरी हार्लो या साल्सा वादकाने त्याच्या स्मरणार्थ ध्वनिमुद्रिका काढली. तरुण वादकांनी आपले ऋण निदान मान्य केले. १९९७ साली 'बुएना विस्ता सोशल क्लब' या ध्वनिमुद्रिकेने जग भारावले. तिच्यातला वृद्ध पियानोवादक रूबेन गोन्सालेस हा १९४० च्या दशकात आर्सेनियोच्या ताफ्यात होता, हे किती श्रोत्यांना ठाऊक होते?

ताल उसना घेता येतो, तो विकताही येतो. पण तो ज्या जगण्यातून आला ते जगणे पुसून टाकले, की जे उरते त्याला करमणूक म्हणतात. आर्सेनियोने हे पुसणे मान्य केले नाही. म्हणूनच त्याची गाणी हा काळ्या क्यूबाच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे.