रंगीत खोली आणि मुलाचा हात : बालकांच्या खोलीतील रंगांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

लहान मुलाच्या खोलीला त्याच्या आवडीचा पिवळा, लाल किंवा हिरवा रंग देणे ही आजच्या मध्यमवर्गीय गृहसजावटीतील नित्याची बाब झाली आहे. मराठी घरात मात्र मुलासाठी स्वतंत्र खोली ही कल्पना तुलनेने अलीकडची आहे. वाडा असो वा चाळ, मूल आई-आजीच्या कुशीत निजत असे. भिंतींना चुन्याची सफेदी असे. मुलाच्या वाट्याला येणारा रंग म्हणजे पाळण्याचा, त्यावर टांगलेल्या चिमणाळ्याचा आणि पांगुळगाड्याचा. मुलांची वेगळी, सजवलेली खोली ही प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संपन्न घरांतून पुढे आलेली प्रथा होय.

या प्रथेचा इतिहास बहुधा अभिरुचीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो मुलाच्या आरोग्याच्या अंगाने तपासला आहे. खोलीचा रंग प्रौढ माणूस डोळ्यांनी निवडतो. मूल त्याच रंगाला हात लावते, तो चाटते आणि त्याची धूळ गिळते. कायद्याला हा फरक कळण्यास फार विलंब लागला, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

हिरवा कागद आणि सोमल

कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबे आणि सोमल यांच्या संयोगातून एक तेजस्वी हिरवा रंग तयार केला. पुढे १८१४ च्या सुमारास जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे याच जातीचा अधिक टिकाऊ हिरवा रंग निघाला. स्वस्त आणि डोळ्यांत भरणारे हे रंग भिंतीच्या कागदांवर, खेळण्यांवर आणि कापडावर सर्रास वापरले गेले. इंग्लंडमध्ये मुलांच्या खोल्याही त्याला अपवाद नव्हत्या. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच कुटुंबातील चार मुले दगावली. डॉ. हेन्री लेथबी यांनी या मृत्यूंचा संबंध घरातील हिरव्या कागदातील सोमलाशी जोडला. तरीही ब्रिटनमध्ये अशा कागदांवर बंदी घालणारा कायदा झाला नाही. बदल घडला तो ग्राहकांच्या भीतीमुळे. १८७० नंतरच्या काळात कारखानदार ‘सोमलविरहित’ अशी जाहिरात करू लागले.

याच काळात मुलांसाठी खास कागद निघाले. चित्रकार वॉल्टर क्रेन यांनी १८७५ मध्ये बालगीतावर आधारलेला भिंतीचा कागद रेखाटला. मुलाच्या खोलीचे सौंदर्य हा स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाल्याची ही खूण होती. मात्र खोलीत काय असावे हे ठरवणारा प्रौढच राहिला.

पांढरा रंग आणि ब्रिस्बेनचे निरीक्षण

शतकाच्या अखेरीस आरोग्यविषयक विचारांचा प्रभाव वाढला. धुता येणारी गुळगुळीत भिंत आणि पांढरे फर्निचर ही स्वच्छतेची चिन्हे ठरली. परंतु त्या काळातील उत्तम पांढऱ्या तैलरंगाचा मुख्य घटक सफेता, म्हणजे शिशाचे संयुग, हा होता. सोमलाला भिऊन पांढऱ्या रंगाकडे वळलेल्या घरात अशा रीतीने शिसे आले.

याचा उलगडा युरोपात नव्हे, तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये झाला. ब्रिस्बेनमधील मुलांमध्ये शिशाची विषबाधा आढळत असल्याचे डॉ. जेफरिस टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० च्या दशकात नोंदवले होते. पण शिसे येते कोठून, हे कळत नव्हते. नेत्रतज्ज्ञ डॉ. जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये त्याचे उत्तर दिले. तेथील लाकडी घरांना व्हरांडे असत व त्यांचे कठडे शिशाच्या रंगाने रंगवलेले असत. उन्हाने तो रंग भुकटी होऊन सुटत असे. कठड्याला धरून खेळणाऱ्या मुलांच्या ओलसर बोटांना ती भुकटी चिकटे आणि नखे खाण्याच्या किंवा बोटे चोखण्याच्या सवयीमुळे पोटात जाई. गिब्सन यांच्या या प्रतिपादनाचे वेगळेपण असे की, त्यांनी रंगाकडे पाहताना मुलाच्या सवयीही पाहिल्या. तरीही मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी शिशाचा रंग देण्यास मनाई करणारा कायदा क्वीन्सलँडमध्ये होण्यास १९२२ साल उजाडावे लागले.

दरम्यान १९१४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. हेन्री थॉमस आणि डॉ. केनेथ ब्लॅकफॅन यांनी एका मुलाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. त्याने आपल्याच पलंगाच्या कठड्यावरील पांढरा रंग दातांनी कुरतडून खाल्ला होता.

कायद्याची दृष्टी कोणाकडे?

१९२१ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने इमारतींच्या अंतर्भागात सफेत्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला. हा करार महत्त्वाचा होता. पण त्याच्या केंद्रस्थानी होता रंगारी कामगार, खोलीत राहणारे मूल नव्हे. शिवाय तो पांढऱ्या रंगद्रव्यांपुरता होता. मुलांना प्रिय असलेले भडक रंग त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

ही त्रुटी किरकोळ नव्हती. झळझळीत पिवळा रंग देणारे क्रोम यलो हे शिशाचे क्रोमेट असते. त्याच्या वेगवेगळ्या प्रकारांतून लिंबाच्या पिवळ्यापासून नारिंगीपर्यंतच्या छटा मिळतात आणि त्यात निळा मिसळला की हिरवा तयार होतो. शेंदूर हेही शिशाचेच संयुग आहे. पांढऱ्या रंगासाठी जस्त व टायटॅनियम यांची संयुगे हे पर्याय मिळाले. पण स्वस्त, टिकाऊ पिवळ्या-लाल रंगांत शिसे दीर्घकाळ टिकून राहिले.

अमेरिकेत तर १९२० च्या दशकात नॅशनल लेड कंपनीने आपल्या ‘डच बॉय’ या बोधचिन्हातील मुलाला घेऊन मुलांसाठी रंगवण्याच्या पुस्तिका काढल्या. बाल्टिमोरची नोंद तेव्हा जुनी झाली होती. घरगुती रंगांतील शिशावर तेथे देशव्यापी निर्बंध आले ते १९७८ मध्ये.

भारतातील स्थित्यंतर

भारतात शहरी सदनिकांमधून मुलांची स्वतंत्र खोली रुजू लागली तेव्हा हा धोका जगाला ठाऊक होता; परंतु बंधनकारक मर्यादा नव्हती. १९९९ मध्ये बंगळूर येथे शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टॉक्सिक्स लिंक या संस्थेने बाजारातील रंगांची तपासणी केली. भिंतीच्या प्लास्टिक इमल्शनमध्ये शिसे अत्यल्प, तर दारे, खिडक्या व फर्निचरला लागणाऱ्या तेलरंगांत ते भरपूर, असे चित्र समोर आले. म्हणजेच मूल ज्याला धरून उभे राहते त्याच वस्तूंवर धोका अधिक होता.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१६ मध्ये नियम अधिसूचित केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असण्यास मनाई झाली. हे नियम रंगांच्या उत्पादन, आयात व विक्रीला लागू होतात. त्यापूर्वी रंगवलेली दारे, गजाच्या खिडक्या आणि पिढीजात पाळणे मात्र आहेत तसेच राहिले. त्यावर नवा रंग देण्यापूर्वी कारागीर जुना थर खरवडतो, पॉलिशपेपरने घासतो. त्या वेळी उडणाऱ्या धुळीत जुने शिसे पुन्हा मोकळे होते. खोली सजवण्याचा हा आनंदाचा दिवस मुलाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा ठरू शकतो. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही आणि वाढत्या मेंदूवर होणारा त्याचा परिणाम सहसा भरून येत नाही, हे आता सर्वमान्य आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हिरव्याकडून पांढऱ्याकडे आणि पांढऱ्याकडून पुन्हा भडक रंगांकडे झालेला हा प्रवास केवळ अभिरुचीचा नव्हता. प्रत्येक टप्प्यावर रंगाची पारख डोळ्यांनी झाली आणि त्याची किंमत मुलाच्या शरीराने मोजली. ज्ञान अनेकदा आधी उपलब्ध होते. १९०४ चे निरीक्षण आणि २०१७ चा नियम यांत ११३ वर्षांचे अंतर आहे. मुलाला त्याचा आवडता रंग जरूर द्यावा. मात्र तो देताना जुन्या थराची चौकशी करावी, खरवडण्याच्या काळात मुलाला दुसरीकडे ठेवावे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसून काढावी. बालकेंद्री सजावटीची सुरुवात येथूनच व्हावयास हवी.