शरदातील फराळ

मराठी घरातील दिवाळीचे ताट ज्या नावाने ओळखले जाते, तो ‘फराळ’ हा शब्द म्हणजे ‘फलाहार’ या संस्कृत शब्दाचे बोलीतील रूप. उपवासाच्या दिवशी नेहमीचे जेवण टाळून फळांवर आणि कंदमुळांवर भागवावे, तो फलाहार. पोटाला विसावा देणाऱ्या आहाराचे हे नाव पुढे लाडू, करंज्या, चकल्या आणि अनारसे यांनी भरलेल्या डब्यांना लाभले, ही शब्दाच्या इतिहासातील एक गमतीची उलथापालथ होय. दिवाळीचा फराळ हलका करावा असे घरातील सुनेने सुचवले, की ती परंपरेला लावलेली कात्री आहे असे वडीलधाऱ्यांना वाटते. परंपरेचीच साक्ष काढली तर मात्र निराळे चित्र दिसते.

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने, आणि दिवाळी येते ती नेमकी त्यांच्या सांध्यावर. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतूंनुसार आहारविहाराचे नियम सांगितले आहेत. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदातील प्रखर उन्हाने प्रकोप पावते, म्हणून या दिवसांत मधुर, लघु, शीत आणि किंचित कडू असे अन्न, तेही चांगली भूक लागल्यावर आणि मात्रेने घ्यावे, असा तेथे उपदेश आहे. साळीचा भात, जव आणि गहू यांना त्यात मान आहे. चरबी, तेल, क्षार आणि दही ही वर्ज्य सांगितली आहेत. याच ग्रंथात लाह्या हलक्या मानल्या आहेत. पोहे मात्र जड म्हणून भाजून आणि थोडेच खावेत, असा बारकावा नोंदवला आहे. तळणीची कढई ज्या सणात विसावत नाही, तो सण तेल टाळण्याच्या ऋतूत यावा, हा विरोध आजच्या आहारतज्ज्ञांनी शोधून काढलेला नाही. तो फार जुना आहे.

लोकाचाराने हा विरोध आपल्या परीने सांभाळून घेतलेला दिसतो. लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यात लाडू-करंज्या असोत वा नसोत, साळीच्या लाह्या आणि बत्तासे हवेतच. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर अंगणात कारीट पायाखाली फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. नरकासुराच्या वधाचे ते प्रतीक. परंतु शरदात कडू रसाचे सेवन सांगणाऱ्या वैद्यकाची आठवणही त्यावरून सहज होते. त्यानंतर पानावर येतात ते नव्या भाताचे पोहे: दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे, नारळाच्या रसातले. यांपैकी एकालाही तळणीचा स्पर्श नसतो. तेथील दिवाळीची ही पहिली न्याहारी म्हणजे नव्या पिकाचे साधे स्वागतच होय.

तळलेल्या आणि तुपात घोळलेल्या पदार्थांची परंपराही तितकीच खरी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, पोलिका, वटक अशा कितीतरी पदार्थांची कृती आढळते. ते पाकशास्त्र राजाच्या मुदपाकखान्याचे. पण त्या राजालाही कोणत्या ऋतूत काय खावे हे सांगण्यास ग्रंथकार चुकलेला नाही. पुढे सतराव्या शतकात मराठ्यांचे राज्य दूर तंजावरास पोहोचले. तेथील भोसले घराण्याच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ रचले, तेव्हा त्यानेही पदार्थांच्या चवीबरोबर त्यांचे गुणदोष सांगितले. पाककला आणि पथ्यविचार यांचा संसार असा एकाच पोथीत सुखाने चालत असे.

सामान्य घरात तळणीचे प्रयोजन वेगळे होते. घाण्याचे तेल, घरचे तूप आणि साखर या वस्तू जपून वापरण्याच्या होत्या. वर्षभर भाकरी-कालवणावर राबणाऱ्या शरीराला चार दिवसांची चकली आणि चार दिवसांचा लाडू बाधत नसे. शिवाय तळून पाण्याचा अंश घालवलेला पदार्थ टिकतो. तो डब्यात राहतो, शेजारी जातो, भाऊबिजेला दूरच्या बहिणीच्या घरी पोहोचतो. फराळाची गोडी त्याच्या दुर्मिळपणात होती.

विसाव्या शतकात हा दुर्मिळपणा सरला. १९३२ साली साखरधंद्याला कायद्याने संरक्षण मिळाले आणि देशात कारखाने झपाट्याने वाढले. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले आणि महाराष्ट्राचे ऊसक्षेत्र पालटून गेले. वनस्पती तुपाने साजूक तुपाची जागा स्वस्तात घेतली. मधल्या काळात, १९४३ साली मुंबईत शिधावाटप आले, तेव्हा साखर मोजून मिळू लागली आणि दिवाळीचा लाडू हा हिशेबाचा विषय झाला. टंचाई हटली तशी तळण आणि गोड ही रोजची बाब झाली. सणाचा पदार्थ बारमाही झाला. श्रम मात्र कमी होत गेले.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे. वनस्पती तुपातील अपायकारक ट्रान्स मेदावर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. म्हणजे फराळाच्या ताटाभोवती बसणाऱ्या कुटुंबात आज बहुधा एखादे माणूस असे असते, की ज्याच्यापुढे ताट ठेवताना हात अडखळतो.

त्या माणसालाही पंक्तीत बसवता यावे, यासाठी जुन्या स्वयंपाकघरातच पुष्कळ सोयी आहेत. पातळ पोहे उन्हात वाळवून मंद आचेवर भाजले, की चमचाभर तेलाच्या फोडणीत कुरकुरीत चिवडा होतो. चकलीच्या भाजणीत धान्य आणि डाळी एकमेकींची उणीव भरून काढतात. त्याच जातीच्या पिठाचे थालीपीठ तव्यावर थोड्या तेलात होते. शंकरपाळी भट्टीत भाजता येतात. साखरेऐवजी गूळ घातल्याने चव बदलते. मधुमेही माणसावरचा भार मात्र त्याने फारसा उतरत नाही, तेव्हा तेथे लाडूचा आकार लहान करणे हेच खरे.

चरकाने शरदातील अन्नाविषयी जो ‘मात्रा’ हा शब्द योजला, तो येथे उपयोगी पडतो. करंजी ताटातून काढून टाकण्याची गरज नाही. एक करंजी, आणि तिच्या शेजारी ओंजळभर लाह्या, एवढे पुरे. लक्ष्मीपुढे घराघरांतून ठेवला जाणारा नैवेद्य अजूनही तोच आहे.