एरान्यीचे ऊन : पिसारोची उत्तरकालीन निसर्गचित्रे

दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या १८७४ ते १८८६ या काळातील आठही प्रदर्शनांत सहभागी झालेला एकमेव चित्रकार म्हणजे कामीय पिसारो (१८३०–१९०३). १८८४ मध्ये तो एप्त नदीकाठच्या एरान्यी या फ्रेंच खेड्यात राहावयास गेला. तेथील घर त्याने १८९२ मध्ये क्लोद मोनेकडून कर्ज घेऊन विकत घेतले. या परिसरातील त्याची उन्हात न्हालेली कुरणे वृद्ध कलावंताने शोधलेला विसावा म्हणून पाहिली जातात. हे आकलन अपुरे आहे.

एरान्यीतील गवताचा हंगाम हा एकच विषय त्याने १८८७ व १९०१ मध्ये रंगविला. पहिल्या चित्रावर झॉर्झ सराच्या बिंदुवादाचा ठसा आहे. ही पद्धती संथ असून क्षणिक संवेदना तीत निसटते, या जाणिवेने पिसारोने १८९० च्या सुमारास ती सोडली. १९०१ च्या चित्रात फटकारे मोकळे झाले. तथापि लहान लहान रंगस्पर्शांनी चित्रपृष्ठ विणण्याची शिस्त टिकून राहिली. म्हणजे हे पूर्वीच्या शैलीकडे साधे परतणे नव्हे.

या मोकळेपणामागे शारीरिक मर्यादाही होती. १८८८ पासून अश्रुपिशवीच्या जुनाट विकाराने तो त्रस्त होता. वारा व धूळ डोळ्यांना सोसवेना, म्हणून तो अनेकदा खिडकीआडून चित्रे काढी. उघड्यावर काम करणे हे ज्या संप्रदायाचे ब्रीद, त्याच्या ज्येष्ठ चित्रकाराला निसर्ग काचेपलीकडून पाहावा लागला.

साहित्याच्या अभ्यासकास येथे एक भेद उपयोगी पडतो. थिऑक्रिटसपासूनच्या गोपकाव्यात मेंढपाळांना गाण्यासाठी निवांतपणा असतो. व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’चा विषय मात्र शेतीतील कष्ट हा आहे. पिसारोची चित्रे या दुसऱ्या परंपरेच्या जवळची आहेत. तो अराज्यवादी विचारांचा होता. १८८९–९० मधील ‘त्युर्पित्युद सोस्याल’ या रेखाचित्रसंग्रहात त्याने भांडवलशाही समाजातील दैन्य व क्रौर्य रेखाटले. कुरणात एकत्र राबणाऱ्या स्त्रियांची चित्रे त्या संग्रहासमवेत पाहिली, तर ती पलायन न वाटता प्रतिपक्ष वाटू लागतात.

कापलेले गवत वाळण्यास ऊन लागते. पाऊस आला तर श्रम वाया जातात. त्यामुळे या चित्रांतील ऊन हे केवळ शोभेचे नाही. ते कामाची निकड आहे, आणि त्या प्रकाशाची प्रसन्नता या निकडीपासून वेगळी काढता येत नाही.