भेटीवरची जकात कोणीं द्यावी?

जळगांवाहून किंवा धुळ्याहून परदेशीं असलेल्या मुलाला आई दिवाळीच्या फराळाचा डबा पाठविते. डबा सातासमुद्रापार पोंचतो, आणि दाराशीं आलेला माणूस आधीं जकात मागतो. ही रक्कम पाठविणारानें द्यावयाची कीं घेणारानें? प्रश्न आजचा भासतो. परंतु खानदेशच्या भूमीला तो फार जुना आहे.

सुरत आणि बऱ्हाणपूर यांच्यामधील व्यापार शतकानुशतकें तापीच्या खोऱ्यांतून चालत असे. मराठी राज्यांतील जकातीच्या दप्तरांत या मालासाठीं दोन अर्थपूर्ण शब्द आढळतात. माल जेथें भरला तेथें द्यावयाची जकात ती थळभरीत, व माल जेथें मोडला, म्हणजे विकला गेला, तेथें द्यावयाची ती थळमोड. एकींत भार पाठविणारावर, दुसरींत उतरवून घेणारावर. आजचा सारा वाद या दोन शब्दांत सामावलेला आहे.

वाटेंत नाकीं अनेक असत आणि प्रत्येक नाक्याची मागणी निराळी असे. या जाचांतून हुंडेकरी नांवाचा वर्ग निर्माण झाला. व्यापाऱ्यानें एकच रक्कम ठरवून द्यावी, आणि वाटेवरील सर्व जकाती भागवून माल मुक्कामीं पोंचविण्याची हमी हुंडेकऱ्यानें घ्यावी, अशी ही रीत होती. १८१८ सालीं पेशवाईचा अंत झाल्यावर खानदेश इंग्रजांकडे गेला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या हुंडेकऱ्यांची नोंद आहे. पुढें १८३८ च्या सुमारास मुंबई इलाख्यांतील वाटेवरच्या जकाती उठल्या, व हुंडेकऱ्यांचें हें काम संपलें.

टपालाच्या इतिहासांत हाच प्रश्न दुसऱ्या वेषांत आला. १८५४ च्या कायद्यानें पाव तोळा वजनाच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा एकच दर ठरला. तिकीट न लावलेलें बैरंग पत्र घेणारास दुप्पट हांशील पडे. सरकारनें यांत आपला कौल स्पष्ट दिला होता: पत्र लिहिण्याची इच्छा ज्याची, खर्चही त्याचाच. १८७७ मध्यें व्ही. पी. ची पद्धत आली. तींत वस्तूची किंमत घेणारा देई. परंतु ती वस्तु त्यानें स्वतः मागविलेली असे.

मात्र राज्याची सीमा ओलांडतांच हा न्याय थांबला. १८७४ मध्यें बर्न येथें जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला, आणि १८७६ मध्यें हिंदुस्थान त्यांत सामील झाला. टपालाचें हांशील पाठविणारानें भरावें हें सर्वमान्य झालें. जकात मात्र ज्या देशांत वस्तु उतरे त्या देशाचा हक्क राहिली. त्या सरकारचा हात धुळ्याच्या रहिवाशापर्यंत पोंचत नाहीं. आपल्या प्रजेपर्यंत पोंचतो. म्हणून परदेशीं गेलेली भेट रूढीनें थळमोडीची ठरली. यांत एक विसंगति होती. ज्यानें वस्तु निवडली त्याला दर ठाऊक नसे, आणि ज्यानें ती मागितली नव्हती त्याला पैसे भरावे लागत.

या विसंगतीवर राष्ट्रांनीं उपाय योजला तो माफीचा. अमेरिकेनें १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीस मोकळीक ठेवली. २०१६ पासून तर ८०० डॉलरपर्यंतचा कोणताही माल तेथें जकातीवांचून जाऊं लागला. भारतानें उलट वाट धरली. परदेशांतून येणाऱ्या भेटींना असलेली माफी डिसेंबर २०१९ मध्यें काढून घेण्यांत आली. जीवरक्षक औषधें आणि राखी एवढेच अपवाद राहिले. राखीस वाट मोकळी, राखीबरोबरच्या भेटीस मात्र नाहीं, इतका बारकावा त्या नियमांत होता!

२९ ऑगस्ट २०२५ रोजीं अमेरिकेनें आपली ८०० डॉलरची माफी बंद केली. जकात टपाल वाहून नेणारांनीं किंवा तेथील सरकारनें मान्य केलेल्या मध्यस्थांनीं गोळा करून भरावी, असा नवा नियम झाला. व्यवस्था तयार नसल्यामुळें भारतीय डाकखात्यानें तिकडचीं पार्सलें थांबविलीं. तीं १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हां सुरू झालीं, तेव्हां जकात भारतांतील पोस्टांतच आगाऊ घेतली जाऊं लागली. त्या वेळचा दर घोषित किमतीच्या निम्मा होता. १२,००० रुपयांच्या वस्तूवर ६,००० रुपये. १०० डॉलरपर्यंतची भेट तेवढी मोकळी राहिली. थळमोडीची थळभरीत झाली, आणि हुंडेकरी नव्या नांवानें परत आला.

न्याय कोठें आहे? भेटीचें सार हेंच कीं घेणारावर तिचें ओझें पडूं नये. जकात भरून सोडवावी लागणारी भेट ही भेट नव्हे, तें मागणें होय. या दृष्टीनें देणारानेंच भार उचलणें उचित. कारण निवड त्याची, आणि दर आधीं कळला तर हात आंवरण्याची मोकळीकही त्याचीच. परंतु याला दुसरी बाजूही आहे. घरीं लाटलेल्या पापडांची, हातानें शिवलेल्या गोधडीची किंमत अर्जावर कोणती लिहावी? बाजारभावानें ती मोजून तिच्यावर जकात घेतली, तर ऐपत थोडी त्याची मायाही महाग होते. म्हणून देणारानें द्यावें हा नियम तेव्हांच न्याय्य, जेव्हां लहान भेटीस माफी असेल आणि मोठीचा आकडा पावती फाटण्यापूर्वीं खिडकीशींच सांगितला जाईल. हुंडेकऱ्याचा व्यवहार टिकला तो याच गुणावर: रक्कम एक, ती आधीं ठरलेली, आणि मुक्कामीं पोंचल्यावर घेणारापाशीं पुन्हां मागणें नाहीं.