आरोग्य-धोरणातील लोकसहभाग : खर्चाचा भार कोणी वाहावा?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ११,७७,३४५ असून सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात. केंद्र सरकारच्या मागास प्रदेश अनुदान निधीसाठी २००६ साली निवडलेल्या महाराष्ट्रातील १२ जिल्ह्यांत हिंगोलीचा समावेश होता.

अशा जिल्ह्यातील उपकेंद्रात परिचारिका किती असाव्यात, औषधे किती यावीत, याचे निर्णय बहुतांशी मुंबई व दिल्ली येथे होतात. तेथवर गावकऱ्यांचे म्हणणे पोहोचावयाचे तर सभा, प्रशिक्षण, प्रवास व पाहणी यांची व्यवस्था लागते आणि तिला पैसा लागतो. हा पैसा कोठून येतो, यावर त्या आवाजाचे सामर्थ्य अवलंबून असते.

सहभागाचे तत्त्व

१९७८ साली आल्मा-आता येथे भरलेल्या जागतिक परिषदेने आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्क व कर्तव्य असल्याचे घोषित केले. त्यापूर्वीच, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेड येथे गावातील सामान्य स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविण्याचे कार्य आरंभिले होते. पुढे २००० साली देशभरातील संघटनांनी एकत्र येऊन जन स्वास्थ्य अभियान उभारले. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकांच्या देखरेखीला अधिकृत स्थान मिळाले.

महाराष्ट्रातील अनुभव

या तरतुदीनुसार २००७ साली नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे पाच जिल्हे निवडण्यात आले. मराठवाड्यातून एकच जिल्हा होता आणि हिंगोली त्यात नव्हता. पुण्याच्या 'साथी' या संस्थेकडे राज्यातील समन्वयाचे काम होते.

पहिल्या टप्प्यात २२५ गावे घेण्यात आली. गावकऱ्यांनी स्वतः सेवांची पाहणी करून प्रगतिपत्रके तयार केली. चांगल्या सेवेला हिरवा, मध्यम सेवेला पिवळा व वाईट सेवेला लाल रंग दिला गेला. त्यानंतर जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडण्यात आले. बाहेरून औषधे आणावयास लावणे, रुग्णांकडून बेकायदा पैसे घेणे, कर्मचाऱ्यांची गैरहजेरी अशा तक्रारी उघडपणे बोलल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी त्यांची दखलही घेतली गेली.

पैशाचा पेच

या कामाचा खर्च शासनाच्या आरोग्य अभियानातूनच होत असे. यात न्याय आहे, कारण लोकांच्या करातून आलेला पैसा लोकांच्याच देखरेखीसाठी वापरला जातो. परंतु ज्याच्या कामाची तपासणी करावयाची, त्याच्याच हाती तपासणीची थैली राहते. मंजुरी वर्षावर्षाने मिळते. ती लांबली की कार्यकर्त्यांचे मानधन थांबते, सभा बंद पडतात आणि मोठ्या प्रयत्नाने बोलते झालेले लोक पुन्हा गप्प होतात.

परकीय साहाय्याचा मार्गही सोपा नाही. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल फंडाने प्रत्येक देशाच्या समन्वय मंडळात नागरी संघटना व रोगपीडित यांना स्थान दिले. या फंडाच्या साहाय्याने कारितास इंडियाने ईशान्य भारतात हिवताप नियंत्रणाचे कार्य केले. मात्र मच्छरदाण्या वाटण्यासाठी दाते जितके सहज मिळतात, तितके धोरणाविषयी प्रश्न विचारण्यासाठी मिळत नाहीत. शिवाय २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर परकीय देणगी एका संस्थेला दुसरीकडे सोपविता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत निधी मिळविणाऱ्या खेड्यापाड्यांतील लहान संस्थांना याची विशेष झळ बसली.

अन्य देशांनी वेगळे मार्ग शोधले आहेत. थायलंडमध्ये २००१ पासून मद्य व तंबाखूवरील करावर २ टक्के अधिभार घेऊन आरोग्य-संवर्धनाचा स्वतंत्र निधी चालविला जातो. त्यातून नागरी संघटनांनाही साहाय्य मिळते. ब्राझीलमध्ये १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांतील निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या लोकांना दिल्या. दोन्ही ठिकाणी लोकसहभाग हा अधिकाऱ्यांच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने बांधून दिला आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामीण आरोग्य अभियानाने प्रत्येक गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीसाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद केली होती. रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समित्या नेमल्या गेल्या. आपल्या गावच्या समितीत कोण आहेत, सभा केव्हा झाली, निधी किती आला व कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे.

हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु इमारत उभी राहिल्याने सेवा आपोआप गरिबापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी जाणकार व निर्भय लोकांची देखरेख हवी. धर्मग्रामातील महिला मंडळे, युवक मंडळे व आरोग्यकार्य करणाऱ्या धर्मभगिनी यांनी सर्व धर्मांच्या गावकऱ्यांसह या समित्यांत बसावे. गावातील सभेला फारसा पैसा लागत नाही. तालुका, जिल्हा व राज्य या पातळ्यांवरील कामासाठी मात्र निश्चित, वेळेवर मिळणारा व अधिकाऱ्यांच्या मर्जीपासून मुक्त असा निधी असावा, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे सातत्याने केली पाहिजे.