जात्यापाशी बोललेली भाषा

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या १२व्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मधील, म्हणजे इ.स. १२९० ची, याचा अर्थ असा की ओवी ‘ज्ञानेश्वरी’त येण्याच्या दीडशे वर्षे आधीच ती उखळ-मुसळाच्या तालावर रुळलेली होती. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र आधी ग्रंथ येतो आणि मग, आलेच तर, जाते येते.

कांडताना तशी दळतानाही ओवी गायिली जाई. दळण पहाटे, घर निजलेले असताना व्हायचे. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत आणि त्यांपैकी एक मोकळ्या हाताने जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ, घालीत असे. जात्याच्या वरच्या पाळीच्या फेऱ्यावर एकीने ओळ उचलायची आणि दुसरीने ती पुढे न्यायची, म्हणून ही ओवी बहुधा दोन ओळींची, ग्रंथातील ओवीपेक्षा सैल आणि श्रमाच्या श्वासाला बेताची असते. तिची भाषाही घरगुती नात्यांची आहे. आई ही ‘बया’, मुलगा ‘राघू’, मुलगी ‘मैना’. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नसल्याने तो ‘हौशा’ किंवा नुसता ‘चुडा’. उखाण्यात नवऱ्याचे नाव येते, परंतु तो चारचौघांत आणि आग्रहावरून घ्यायचा असतो, तर ओवीला आग्रहही नको आणि श्रोताही नको.

ओवीतल्या मोकळीकीचे मूळ इथे आहे. गाणारीने सीतेचा वनवास गायिला तरी तो कोणाचा हे घरात सर्वांना कळे; पण रचणारीचे नाव नसलेल्या ओवीचा जाब विचारायचा कोणाला? ‘लेकी बोले सुने लागे’ ही सासूची रीत सुनेने जात्यावर उलटवली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. मात्र या मोकळीकीचे फार कौतुक करणेही बरे नव्हे, कारण जे माणसांपुढे बोलता येत नव्हते तेच दगडापाशी बोलावे लागत होते.

नवे विषयही या जुन्या साच्यात बसले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी मावळ-मुळशीच्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांत पंढरीच्या विठ्ठलावरील ओव्यांप्रमाणेच दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत. ज्यांना अक्षर मिळू दिले गेले नव्हते त्यांनी आपला नेता आपल्याच छंदात गायिला, ही गोष्ट त्या संग्रहातील भक्तीच्या ओव्यांपेक्षा अधिक मोलाची मानावी लागेल.

गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. गिरणीपुढे रांगेत उभे राहून ओवी मात्र सुचत नाही. अनेक घरांत जाते आता कोपऱ्यात असते आणि लग्नाची हळद दळण्यापुरते, आंब्याची पाने बांधून, बाहेर काढले जाते.